रिकाम्या जागेत दहा हजार व्होल्ट येतात कुठून?

जमिनीपासून ३५,७८६ किलोमीटर वर, जिथे टीव्हीचे आणि हवामानाचे सॅटेलाइट एकाच जागी टांगून ठेवल्यासारखे उभे दिसतात, तिथली बोटाच्या पेराएवढी जागा डोळ्यासमोर आणा. एक घन सेंटिमीटर फक्त. आपण श्वास घेतो त्या हवेत एवढ्याशा जागेत २५ च्या पुढे १८ शून्यं इतके रेणू असतात. तिथे वर असतो एखादा कण, आणि कधी कधी तोही नसतो.

म्हणजे रिकामंच की. पण १९७० च्या आसपास त्याच उंचीवर एटीएस-५ नावाचा सॅटेलाइट होता आणि त्याच्यावरच्या उपकरणांचे आकडे बघताना शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की हा पृथ्वीच्या सावलीत शिरला की त्याचं अख्खं अंग आजूबाजूच्या जागेच्या तुलनेत उणे १०,००० व्होल्टपर्यंत जातंय. जवळपास ढग नाही, तार नाही, जनरेटर नाही, आणि जो काही ऐवज आहे तो घन सेंटिमीटरमागे एक कण. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरंच वाटलं की छापताना एखादं शून्य जास्त पडलंय. नव्हतं पडलं. आणि हा आकडा कुठून आला हे शोधायला गेलं की पृथ्वीभोवतीची ती सगळी 'रिकामी' जागा किती गजबजलेली आहे ते कळायला लागतं.

आधी तो एक कण कसला ते बघू. तो हवेचा रेणू नाही. तो चार्ज असलेला कण आहे, एकतर इलेक्ट्रॉन नाहीतर इलेक्ट्रॉन गमावलेला अणू म्हणजे आयन, बऱ्याच वेळा नुसता प्रोटॉन. अशा सुट्ट्या झालेल्या इलेक्ट्रॉन-आयनांच्या घोळक्याला प्लाझ्मा म्हणतात. साध्या गॅसमध्ये रेणू सतत एकमेकांवर आदळतात, त्यामुळे थोड्या वेळात सगळे एकाच तापमानाला येतात. इथे इतकी विरळ वस्ती आहे की टक्कर जवळजवळ होतच नाही, म्हणून एकाच ठिकाणी थंड प्लाझ्मा आणि प्रचंड तापलेला प्लाझ्मा एकमेकांची ओळखच नसल्यासारखे शेजारी शेजारी राहतात, आणि त्यांना वळवायचं, अडवायचं, पळवायचं काम करतं ते इलेक्ट्रिक आणि मॅग्नेटिक फील्ड.

आता मॅग्नेटिक फील्ड म्हटलं की आपल्याला पृथ्वीच्या पोटातला चुंबक आठवतो, उत्तर-दक्षिण, होकायंत्र वगैरे. ते बरोबरच आहे, फक्त वर जाल तसं ते फार पटकन कमी होतं. विषुववृत्तावर जमिनीपाशी ते साधारण ३०,००० नॅनोटेस्ला (मॅग्नेटिक फील्ड मोजायचं एकक) असतं. पृथ्वीच्या केंद्रापासूनचं अंतर दुप्पट केलं की फील्ड आठ पट कमी, तिप्पट केलं की सत्तावीस पट कमी. वरचे टीव्हीवाले सॅटेलाइट केंद्रापासून पृथ्वीच्या ६.६ त्रिज्यांवर असतात, ६.६ चा घन येतो २८७, म्हणजे तिथे उरतं १०० नॅनोटेस्लाच्या आसपास. जमिनीवर पन्नास-साठ नॅनोटेस्लांचा फरक पडला तर होकायंत्राला पत्ताही लागणार नाही, तिथे वर तेवढ्याने अर्ध्याअधिक फील्डची उलथापालथ होते.

आणि तो फरक पाडायला सूर्य बसलेलाच आहे. सूर्यापासून सतत प्लाझ्मा वाहत येतो, त्याला सौरवारा म्हणतात, वेग साधारण सेकंदाला ४०० किलोमीटर, कधी ८०० च्या घरात, आणि पृथ्वीपाशी पोचेपर्यंत घन सेंटिमीटरमागे पाचेक कण. यूजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये हे गणिताने मांडलं तेव्हा पेपर तपासणाऱ्यांना ते अजिबात पटलं नव्हतं, पण नियतकालिकाचे संपादक होते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर, त्यांना स्वतःलाही कल्पना फारशी पटली नव्हती तरी गणितात चूक सापडत नाही म्हणून त्यांनी पेपर छापला. चारच वर्षांनी मरिनर-२ शुक्राकडे जाता जाता तो वारा मोजून मोकळा झाला.

हा वारा पृथ्वीच्या फील्डवर येऊन आपटतो आणि त्याला सूर्याच्या बाजूने दाबतो, मागच्या बाजूने ओढून लांब शेपूट करतो. सूर्याकडच्या बाजूला दोघांचा जोर जिथे सारखा होतो ती हद्द पृथ्वीच्या साधारण १० त्रिज्यांवर असते, तिला मॅग्नेटोपॉज म्हणतात, आणि मागची शेपूट शेकडो त्रिज्या लांब जाते, चंद्राच्याही कितीतरी पलीकडे. हद्दीच्या आतला सगळा मुलूख म्हणजे मॅग्नेटोस्फिअर. सॅटेलाइट ६.६ वर, हद्द १० वर, म्हणजे सुरक्षित वाटतं ना? पण मोठं सौर वादळ आलं की ती हद्द दाबत दाबत ६.६ च्याही आत येते आणि दुपारच्या बाजूला असलेले सॅटेलाइट जागचे न हलता हद्दीबाहेर पडतात. त्यांच्यावरचा मॅग्नेटोमीटर जो वर्षानुवर्षं उत्तर दाखवत आला तो अचानक दक्षिण दाखवायला लागू शकतो, कारण आता त्याच्या भोवती पृथ्वीचं फील्ड नाहीच, सूर्याकडून वाहत आलेलं आहे.

आता खालून वर जाऊ, कारण प्रत्येक उंचीवरचा शेजार वेगळा आहे आणि 'अंतराळ' असं एकच नाव देऊन सगळं एका पिशवीत कोंबलं की काहीच समजत नाही.

अगदी खाली, ४०० किलोमीटरवर, आंतरराष्ट्रीय स्पेस स्टेशन फिरतं तिथे प्लाझ्मा चिक्कार आहे, घन सेंटिमीटरमागे लाखभर ते दहा लाख कण. सूर्याच्या अतिनील किरणांनी वरच्या हवेतले इलेक्ट्रॉन सुटे होतात त्यातून हा तयार होतो. पण तो थंड आहे, म्हणजे एकेका कणाच्या अंगात जोर फार कमी, इलेक्ट्रॉन व्होल्टचा दहावा-पाचवा हिस्सा. हे एकक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे: एक व्होल्टच्या फरकातून ढकलला गेलेला इलेक्ट्रॉन जेवढी एनर्जी कमावतो ती म्हणजे एक इलेक्ट्रॉन व्होल्ट.

इथे गंमत अशी की स्पेस स्टेशनचा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर, आणि तिथले ऑक्सिजनचे आयन स्वतःच्या गरमीने फिरतात जेमतेम सेकंदाला एक किलोमीटरने. त्यामुळे स्टेशन पुढच्या बाजूने आयन झाडत जातं आणि मागे आयनांची रिकामी खोबण सोडतं, बोटीच्या मागे पाण्यात पडते तशी. इलेक्ट्रॉन मात्र इतके चपळ की त्यांच्या दृष्टीने स्टेशन जवळजवळ उभंच आहे, ते चहूबाजूंनी येऊन चिकटतात. स्टेशनचे सोलर पॅनल १६० व्होल्टवर चालतात आणि वायरिंगची ऋण बाजू स्टेशनच्या सांगाड्याला जोडलेली आहे, त्यामुळे सांगाडाच शंभराहून जास्त व्होल्टने ऋण होण्याची भीती होती, आणि स्पेसवॉकला बाहेर पडलेल्या माणसाचा सूट त्या सांगाड्याला टेकणार. म्हणून तिथे एक यंत्र बसवलंय जे झेनॉन गॅसचा प्लाझ्मा बनवून बाहेर सोडतं आणि साठलेल्या इलेक्ट्रॉनना बाहेर पडायला वाट करून देतं. म्हणजे घराला अर्थिंग द्यायचं तर जमीनच नाही, मग आजूबाजूच्या प्लाझ्मालाच जमीन मानायचं. मला ही आयडिया प्रचंड आवडते.

याच्या थोडं खाली फेब्रुवारी १९९६ मध्ये कोलंबिया शटलमधून एक प्रयोग झाला. एक सॅटेलाइट लांब तारेच्या टोकाला बांधून हळूहळू वर सोडायचा. तार वीज वाहणारी, आणि ती पृथ्वीच्या फील्डमधून साडेसात किलोमीटर सेकंदाने सरकतेय म्हणजे डायनॅमोच झाला, कॉइल फिरवायची गरज नाही. मीटरमागे व्होल्टचा पाचवा हिस्सा वगैरे, पण तार होती २० किलोमीटरची. १९.७ किलोमीटर सोडून झाली होती, दोन टोकांमध्ये सुमारे ३,५०० व्होल्ट तयार झाले होते, आणि तारेच्या इन्सुलेशनमध्ये कुठेतरी बारीकसं छिद्र होतं, तिथून ठिणगी पडली, आर्क पेटला, तार जळून तुटली आणि सॅटेलाइट तार घेऊन निघून गेला. प्रयोग फसला असं म्हणायचं की फारच यशस्वी झाला असं म्हणायचं, माझं अजून ठरत नाही.

थोडं वर गेलं की रेडिएशनचे, म्हणजे जोरदार कणांनी भरलेले पट्टे सुरू होतात, एक आतला आणि एक बाहेरचा. यांची शोधकथा मला सगळ्यात भारी वाटते. १९५८ च्या जानेवारीअखेर एक्सप्लोरर-१ उडाला, त्यावर जेम्स व्हॅन ॲलन यांच्या टीमचा गायगर काउंटर होता, अंतराळातून येणारे कॉस्मिक किरण मोजायला. खालच्या उंचीवर तो व्यवस्थित मोजत होता आणि जास्त उंचीवर गेला की शून्य. आता शून्य आलं की पहिला विचार हाच येणार की तिथे काही नाही नाहीतर यंत्र बिघडलंय. मार्चमध्ये एक्सप्लोरर-३ टेप रेकॉर्डर घेऊन गेला, पूर्ण फेरीची नोंद हाती आली आणि दिसलं की शून्य व्हायच्या आधी आकडा भराभर चढतोय. मग खाली प्रयोगशाळेत तसाच काउंटर जोरदार रेडिएशनसमोर धरून बघितला, तर तोही शून्य दाखवायला लागला. म्हणजे वर कण नव्हते असं नाही, इतके होते की काउंटरला दोन टिकटिकींच्या मध्ये सावरायलाच वेळ मिळत नव्हता. तिथे सॅटेलाइट पाठवायला लागून सात महिनेही झाले नव्हते आणि पहिला मोठा शोध लागला तो यंत्र गुदमरल्यामुळे.

ते कण तिथे अडकतात कसे? बाहेरच्या पट्ट्यातला एक इलेक्ट्रॉन घेऊ, १० लाख इलेक्ट्रॉन व्होल्टचा, टीव्हीवाल्या सॅटेलाइटच्या उंचीवरचा. त्याचा वेग प्रकाशाच्या ९४ टक्के. मॅग्नेटिक फील्ड त्याला सरळ जाऊ देत नाही, फील्डच्या रेषेभोवती गोल फिरवतं, वर्तुळाची त्रिज्या चाळीस-पन्नास किलोमीटर आणि सेकंदाला साधारण हजार फेऱ्या. फिरता फिरता तो रेषेवरून घसरत ध्रुवाकडे जातो, तिथे रेषा जवळ जवळ येतात, फील्ड घट्ट होतं आणि त्याला परत ढकलून देतं, मग तो दुसऱ्या ध्रुवाकडे, तिथूनही परत, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन परत यायला त्याला सेकंदसुद्धा लागत नाही. हे चालू असतानाच फील्ड आतल्या बाजूला जास्त आणि बाहेर कमी म्हणून प्रत्येक वर्तुळ थोडं थोडं बाजूला सरकतं, त्यातून तो पूर्वेकडे वाहत जातो आणि दहाएक मिनिटांत पृथ्वीला पूर्ण चक्कर मारतो. प्रोटॉन असेल तर उलटा, पश्चिमेकडे. तीन हालचाली एकात एक. वाहत जाण्याची दिशा तेवढी लक्षात ठेवा, पूर्वेकडे, कारण पुढे सगळं त्यावर अडलंय.

आतला पट्टा मुख्यतः प्रोटॉनांचा, साधारण १,००० ते ६,००० किलोमीटर उंचीचा. हे प्रोटॉन येतात कसे तर कॉस्मिक किरण हवेवर आपटतात, त्यातून न्यूट्रॉन उडतात, न्यूट्रॉनला चार्ज नाही म्हणून फील्ड त्याला अडवत नाही, तो आरामात वर जातो आणि सुटा न्यूट्रॉन सरासरी पंधराएक मिनिटांत फुटून प्रोटॉन होतो. काही न्यूट्रॉन नेमके फील्डच्या पोटात असताना फुटतात, की अडकलाच तो प्रोटॉन, वर्षानुवर्षं. पृथ्वीच्या आतला चुंबक केंद्राच्या बरोबर मध्ये नाही, पाचेकशे किलोमीटर बाजूला सरकलेला आहे, त्यामुळे दक्षिण अटलांटिक आणि ब्राझीलच्या वर हा पट्टा सगळ्यात खाली वाकून येतो. खालच्या उंचीचे सॅटेलाइट तिथून गेले की मेमरीतला एखादा शून्य एक होतो, एकाचा शून्य होतो, आणि हबल दुर्बीण त्या भागातून जाताना निरीक्षणं थांबवते.

माणसाने स्वतःच्या हाताने पण एक पट्टा बनवून बघितलाय. ९ जुलै १९६२ ला अमेरिकेने पॅसिफिकवर ४०० किलोमीटर उंचीवर अणुबॉम्ब फोडला, स्टारफिश प्राइम, १.४ मेगाटन. त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन फील्डमध्ये अडकून बसले. दुसऱ्याच दिवशी टेलस्टार-१ उडाला, अटलांटिकपलीकडे टीव्हीचं चित्र पोचवणारा पहिला सॅटेलाइट, आणि थेट त्या ताज्या पट्ट्यात. नोव्हेंबरमध्ये त्याचे ट्रान्झिस्टर दगा द्यायला लागले, इंजिनियरांनी कशीबशी युक्ती करून जानेवारीत परत जिवंत केला, फेब्रुवारी १९६३ मध्ये गेला तो गेलाच. ब्रिटनचा पहिला सॅटेलाइट एरियल-१ पण याच स्फोटाने बाद झाला.

आणि पट्टे दोनच हे पाठ करून बसलेल्यांसाठी: ऑगस्ट २०१२ मध्ये दोन व्हॅन ॲलन प्रोब उडाले, त्यातलं एक उपकरण ठरल्यापेक्षा लवकर चालू केलं आणि त्यांना तिसरा पट्टा दिसला, चारेक आठवडे टिकला आणि मग सूर्याकडून आलेल्या एका धक्क्याने पुसून गेला.

या पट्ट्यांच्याच जागेत, त्यांच्या अंगावरून, प्लाझ्मास्फिअर नावाचा थंड, दाट प्लाझ्मा पसरलेला असतो, खालच्या आयनोस्फिअरमधून (स्पेस स्टेशन फिरतं तो प्लाझ्माचा थर) वर झिरपत आलेला, पृथ्वीच्या चार-पाच त्रिज्यांपर्यंत. तो आहे हे सॅटेलाइट नसतानाच कळलं होतं, आणि तेही कानाने. पहिल्या महायुद्धात शत्रूचे टेलिफोन चोरून ऐकणाऱ्यांना तारेत वरून खाली घसरत जाणाऱ्या शिट्ट्या ऐकू यायच्या. जमिनीवर वीज पडली की तिच्या रेडिओ लहरी फील्डच्या रेषेवरून वर चढतात, दुसऱ्या गोलार्धात उतरतात, वाटेत प्लाझ्मा उंच सूर आधी सोडतो आणि खालचे सूर मागे ठेवतो, म्हणून शिट्टी. ओवेन स्टोरी यांनी १९५३ मध्ये या शिट्ट्यांवरून सांगितलं की अरे एवढ्या उंचीवर प्लाझ्मा असल्याशिवाय हे होणारच नाही. स्पुटनिक उडायच्या चार वर्षं आधी!

आता परत आपल्या दहा हजार व्होल्टकडे.

सॅटेलाइट म्हणजे प्लाझ्मात तरंगणारा धातूचा डबा. त्याच्यावर इलेक्ट्रॉनही आदळतात आणि प्रोटॉनही आदळतात. दोघांची संख्या सारखी, एनर्जी सारखी धरू. पण इलेक्ट्रॉन प्रोटॉनच्या १,८३६ पट हलका आहे, त्यामुळे तेवढ्याच एनर्जीत तो सुमारे ४३ पट जोरात पळतो, म्हणजे एक प्रोटॉन येऊन लागेपर्यंत ४३ इलेक्ट्रॉन येऊन बसलेले असतात. डबा ऋण व्हायला लागतो. ऋण झाला की तो पुढच्या इलेक्ट्रॉनला परत ढकलायला लागतो, आधी मरगळलेले इलेक्ट्रॉन परत फिरतात, मग मधले, आणि शेवटी इतकेच येऊ शकतात की जेवढ्यांचा हिशोब प्रोटॉन चुकता करतील. तिथे थांबतं. म्हणजे डबा किती व्होल्टवर थांबेल हे ठरतं येणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या अंगात किती जोर आहे त्यावरून. दहाव्या-पाचव्या हिश्श्याच्या इलेक्ट्रॉन व्होल्टचे इलेक्ट्रॉन असतील तर डबा फार तर व्होल्टभर ऋण होणार. हजारो इलेक्ट्रॉन व्होल्टचे असतील तर हजारो व्होल्ट.

आणि कण किती आहेत? त्याने फक्त वेळ ठरतो. दाट असतील तर लवकर भरेल, विरळ असतील तर थोडं थांबून भरेल, पण उंची तीच गाठणार. उलट दाट थंड प्लाझ्मा जवळ असला तर तो जादाचा चार्ज लगेच पुसून टाकतो, खालच्या सॅटेलाइटना त्याचाच तर आधार आहे. (ध्रुवावरून जाणारे खालचे सॅटेलाइट मात्र ऑरोराच्या (ध्रुवाकडच्या आकाशात दिसणाऱ्या प्रकाशाच्या) इलेक्ट्रॉनमधून जातात आणि त्यांच्यावर शेकडो व्होल्ट चढलेले बघितले आहेत.) घन सेंटिमीटरमागे एकच कण असल्यामुळे सॅटेलाइट सुरक्षित आहे असं नाही, आजूबाजूला दुसरं कोणी नसल्यामुळेच तो अडकतो.

मग सॅटेलाइट रोज मरत का नाहीत? कारण ऊन. सूर्यप्रकाश पडला की पृष्ठभागावरून स्वतःहून इलेक्ट्रॉन सुटून बाहेर पडतात, आणि तो बाहेर जाणारा प्रवाह एरवीच्या आत येणाऱ्यापेक्षा बराच मोठा असतो. त्यामुळे उन्हातला सॅटेलाइट दोन-चार व्होल्ट धन होऊन निवांत बसतो. पण मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास, जेव्हा दिवस-रात्र सारखे असतात, तेव्हा दीडेक महिना रोज मध्यरात्रीच्या आसपास हे सॅटेलाइट पृथ्वीच्या सावलीतून जातात, जास्तीत जास्त सव्वा तासाच्या आतबाहेर. तेवढा वेळ ती वाट बंद.

आणि नेमकी मध्यरात्रच का वाईट ते आता बघा. सौरवारा मागची शेपूट ताणत असतो, तिच्या मधोमध गरम प्लाझ्माची एक चादर असते, तिला प्लाझ्मा शीट म्हणतात, हजारो इलेक्ट्रॉन व्होल्टचे कण. ताण फार झाला की फील्डच्या रेषा मागे तुटतात, परत जुळतात, आणि पृथ्वीकडचा भाग रबर सोडल्यासारखा पुढे फेकला जातो, बरोबर तो गरम प्लाझ्मा घेऊन. याला सबस्टॉर्म म्हणतात. तो येऊन पडतो मध्यरात्रीच्या बाजूला, आणि इलेक्ट्रॉन पूर्वेकडे वाहतात हे वर सांगितलंच, पूर्व म्हणजे पहाटेची बाजू. त्यामुळे या उंचीवरच्या सॅटेलाइटच्या तक्रारींची नोंद खाली कुठली वेळ आहे त्याप्रमाणे मांडली की मध्यरात्र ते पहाट या पट्ट्यात गर्दी दिसते.

अख्खा सॅटेलाइट एकसारखा उणे १०,००० झाला तर खरं म्हणजे आतल्या सर्किटला काही कळणारही नाही, तारेवर बसलेल्या पक्ष्यासारखं. घोळ होतो तो असमान झाल्यामुळे. उन्हातला धातू एका व्होल्टेजला, त्याच्या शेजारची सावलीतली प्लास्टिकची फिल्म दुसऱ्या, आणि फिल्म वीज वाहू देत नाही. मिनिटामिनिटाने फरक वाढत जातो, एका क्षणी ठिणगी पडते आणि तो झटका वायरिंगमध्ये शिरला की कॉम्प्युटरला वाटतं कोणीतरी कमांड दिली. १९७९ मध्ये स्काथा नावाचा सॅटेलाइट खास हेच मोजायला पाठवला होता. तेव्हापासून बाहेरच्या फिल्मवर वीज वाहणारा पातळ थर देणं, सगळे भाग एकमेकांना जोडून ठेवणं, वायरींवर शिल्ड चढवणं हे नेहमीचं झालंय.

तरी ५ एप्रिल २०१० ला गॅलॅक्सी-१५ ने कमांड ऐकणं बंद केलं, सबस्टॉर्म होऊन गेल्यावर लगेच, सॅटेलाइटच्या जागेची वेळ मध्यरात्र उलटून तासभर. ट्रान्समीटर मात्र चालूच, आणि सॅटेलाइट आपली जागा सोडून हळूहळू सरकत दुसऱ्यांच्या जागांमधून निघाला. बाकीच्यांनी वाट करून द्यायची, हा बोलत राहणार पण ऐकणार नाही. लोकांनी नाव ठेवलं झॉम्बी, म्हणजे चालतंफिरतं प्रेत. डिसेंबरअखेर बॅटरी पूर्ण उतरली, सिस्टिम आपोआप रीस्टार्ट झाली आणि साहेब परत कमांड ऐकायला लागले. आपण मोडेम बंद करून चालू करतो ना, तेच, फक्त साडेआठ महिने लागले.

दुसरा प्रकार जास्त कपटी आहे. बाहेरच्या पट्ट्यातला तो १० लाख इलेक्ट्रॉन व्होल्टवाला इलेक्ट्रॉन आठवतोय? तो दोनेक मिलिमीटर ॲल्युमिनियम आरपार करू शकतो. त्याहून जोरदार असतील तर डब्यात घुसतात आणि सर्किट बोर्डच्या नाहीतर केबलच्या इन्सुलेशनमध्ये जाऊन रुततात. एकदा रुतले की तिथून हलायला दिवस लागतात. रोज थोडे थोडे साठत जातात आणि मग ठिणगी पडते ती थेट सर्किटच्या पोटात. यांना किलर इलेक्ट्रॉन म्हणतात. जानेवारी १९९४ मध्ये कॅनडाचे ॲनिक ई-१ आणि ई-२ असेच काही तासांच्या अंतराने भरकटले, दोघांचंही दिशा सांभाळणाऱ्या चाकाचं सर्किट गेलं होतं. ई-१ त्याच दिवसात ताळ्यावर आला, ई-२ ला काही महिने लागले, जमिनीवरून थ्रस्टर चालवून त्याला सरळ ठेवावं लागलं. त्यावेळी सूर्यावर कुठला भीषण स्फोट झालेला नव्हता, नुसता जोराचा सौरवारा कित्येक दिवस वाहत होता, आणि तेवढं पुरतं. म्हणूनच हे इलेक्ट्रॉन सूर्य सगळ्यात खवळलेला असतो त्या वर्षांपेक्षा तो शांत होत जातो त्या वर्षांमध्ये जास्त त्रास देतात, आणि वादळ आलं त्या दिवशी नाही, कधी कधी तर त्या दिवशी पट्टा रिकामाच होतो, एक-दोन दिवसांनी वाढतात. वादळ सरलं म्हणून हुश्श करायची सोय नाही. जीपीएसचे सॅटेलाइट तर २०,२०० किलोमीटरवर या पट्ट्याच्या गाभ्यातच फिरतात, त्यांना हे पहिल्यापासून गृहीत धरूनच बनवावं लागतं.

मग आधी कळतं का? थोडंसं. सौरवारा येताना सूर्याचं फील्ड बरोबर घेऊन येतो, पृथ्वीपाशी पाचेक नॅनोटेस्ला, वादळात कितीतरी पट. ते फील्ड उत्तरेकडे असेल तर पृथ्वीच्या फील्डला घासून निघून जातं. दक्षिणेकडे असेल तर मॅग्नेटोपॉजवर दोघांच्या रेषा एकमेकांना जोडल्या जातात आणि दार उघडतं, सगळी एनर्जी आत. जेम्स डंगी यांनी हे १९६१ मध्ये सांगितलं होतं, आणि २०१५ मध्ये उडालेले एमएमएसचे चार सॅटेलाइट एकमेकांपासून पार सात किलोमीटरपर्यंत जवळ उडून ते जोडलं जाणं प्रत्यक्ष मोजत आलेत. गोची अशी की सूर्यावर स्फोट झालेला दिसतो, ढग किती वेगाने निघाला याचा अंदाज येतो, पण त्याच्या पोटातलं फील्ड उत्तर आहे का दक्षिण हे तो अंगावर आल्याशिवाय नीट कळत नाही. त्यासाठी पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर सूर्याच्या बाजूला, एल-१ या जागी (जिथे सूर्य आणि पृथ्वीच्या ओढीचा मेळ बसून यान दोघांच्या मध्येच राहतं), एसीई (ACE) सारखी यानं पहारा देत बसवली आहेत, जानेवारी २०२४ पासून भारताचं आदित्य-एल१ सुद्धा तिथे आहे. ढग त्यांच्यावरून गेला की दिशा कळते. साध्या ४०० च्या वाऱ्याला तिथून पृथ्वीपर्यंत यायला तासभर लागतो, वादळी ८०० च्या वाऱ्याला अर्धा तास.

अर्ध्या तासात सॅटेलाइट काही हलवता येत नाही. एखादी नाजूक कमांड द्यायची ठरली असेल तर ती पुढे ढकलता येते, कंट्रोल रूममध्ये कोणीतरी जागं आहे ना ते बघता येतं, आणि सॅटेलाइट नेमका मध्यरात्रीच्या बाजूला असेल तर पृथ्वीबरोबर फिरत तो पहाटेच्या पलीकडे निघेपर्यंत सहा तास स्क्रीनवरच्या आकड्यांकडे बघत बसायचं.